घडी मोडण्याचा धर्म

पैठण महाराष्ट्राला दोन गोष्टींसाठी ठाऊक आहे. एक तिथल्या मागावरची पैठणी आणि दुसरे तिथे राहिलेले एकनाथ. या दोहोंची सांगड सहसा कुणी घालत नाही, पण ती घालण्याजोगी आहे असं मला वाटतं. नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली आणि १५७३मध्ये काशीत ती पूर्ण केली. तिच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीनगरीतल्या एका ब्राह्मणाची कथा येते. शेती आणि व्यापार करून त्याने अमाप पैसा जोडला, पण त्यातली कवडी हातावेगळी करायची म्हटली तरी त्याचा जीव कासावीस होई. आप्तांना त्याने कधी गोड शब्दानेही विचारलं नाही, अतिथी दारातून विन्मुख गेला, देवाचा आणि पितरांचा वाटा त्याने काढला नाही. इथवरचे दोष कुठल्याही धर्मग्रंथात सापडतील. मूळ भागवत मात्र त्याच दमात आणखी एक दोष मोजतं: स्वतःच्या देहालाही त्याने वेळच्या वेळी सुख दिलं नाही. जे होतं ते न भोगणं हेही ग्रंथाने त्याच्या नावे मांडून ठेवलं आहे. त्याच्या संपत्तीला भागवत यक्षाचं धन म्हणतं. पुरलेल्या हंड्यावर वेटोळं घालून बसलेल्या नागाची जी कल्पना आपल्याकडे आहे, तीच ही. राखण चोवीस तासांची, उपयोग शून्य. पुढे भाऊबंद, चोर, राजा आणि काळ यांनी मिळून ते सगळं नेलं.

ही कथा कंजूषाची आहे, आपली नव्हे, असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. आपण पैशाला चिकटून बसत नाही. पाहुण्यांना जेवू घालतो, मुलांच्या शिक्षणाला हात आखडत नाही. पण पैशाच्या बाबतीत जो मोकळेपणा आपल्याला साधतो, तो वस्तूंच्या बाबतीत कुठे तरी अडतो. आवडीने घेतलेली पैठणी कपाटाच्या वरच्या कप्प्यात मलमलीत गुंडाळून पडते. चिनीमातीचा सुंदर संच शोकेसच्या काचेआड राहतो आणि रोजचा चहा कान तुटलेल्या कपातून होतो. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं निघत नाही. कुणी भेट दिलेली उत्तम शाई-लेखणी डबीतच वाळते. आणि या सगळ्याला आपण नाव देतो 'जपणं'. हा शब्द आपल्याकडे नुसता चांगला नव्हे, जवळजवळ पवित्र आहे. वस्तू जपणारा माणूस संयमी, सांभाळून राहणारा, भोगाच्या मागे न लागणारा मानला जातो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. खराब होईल या धास्तीने वस्तू न वापरणं हा वैराग्याचा धाकटा भाऊसुद्धा नाही. ती आसक्तीच आहे, आणि तिच्या सगळ्या रूपांतलं सर्वांत घट्ट रूप आहे. जी वस्तू आपण मोकळ्या मनाने वापरतो, झिजवतो, तिच्यावरची आपली पकड ढिली होत असते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार जैनांनी केला. अपरिग्रह हे त्यांचं महाव्रत. पण परिग्रह म्हणजे काय, याची व्याख्या करताना त्यांच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथाने घरात किती वस्तू आहेत हे विचारलं नाही. मनाला वस्तूविषयी जी मूर्च्छा येते, जी भूल पडते, तिलाच त्याने परिग्रह म्हटलं. गृहस्थाला तर सर्वसंगपरित्याग सांगितलेलाच नाही. त्याने आपल्या संग्रहाला मर्यादा घालायची आहे. ही व्याख्या हाती धरून दोन स्त्रियांची तुलना करून पाहावी. एकीकडे एकच पैठणी आहे, ती सणाला, लग्नाला, कधी सहज मनात आलं म्हणून नेसते, जेवणाच्या पंगतीतही बसते. दुसरीकडेही एकच आहे, पण ती नेसायचं ठरलं की पावसाचा, गर्दीचा, वरणाच्या थेंबाचा विचार येतो आणि घडी परत कपाटात जाते. संग्रह दोघींचा सारखा. मूर्च्छा मात्र दुसरीकडे आहे. ती पैठणी अंगावर नसतानाही तिच्या मनाला वेढून असते.

मनाचा हा खेळ अलीकडच्या संशोधनानेही उलगडून दाखवला आहे. २०२१मध्ये जॅकलिन रिफकिन आणि जोना बर्जर या अभ्यासकांनी दाखवलं की एखादी साधीशी वस्तू आपण एकदा वापरायची टाळली, तर ती मनात थोडी खास होते. खास झाली म्हणून पुढच्या वेळी तिच्यासाठी आणखी मोठा प्रसंग हवासा वाटतो. तो आला नाही म्हणून ती पुन्हा टळते आणि आणखी खास होते. अशा रीतीने वस्तूचं मोल वाढतं ते तिच्या अंगच्या गुणाने नव्हे, आपण ती न वापरल्यामुळे. त्याआधी २०१०मध्ये सुझान शू आणि आयलेट नीझी यांनी सुखद गोष्टींच्या चालढकलीवर काम केलं होतं. ज्यांना भेट-कूपन वापरायला थोडे दिवस दिले त्यांनी ते जास्त वापरलं; ज्यांना भरपूर मुदत दिली, त्यांच्याकडे ते जास्त करून पडून राहिलं. हातात वेळ आहे असं वाटलं की सुखही पुढे ढकललं जातं. आपल्या घरांतून हे रोज चालतं. आधी ठरतं की मुलीच्या लग्नात नेसायची. लग्नात इतकी धावपळ की ती तशीच राहते. मग नातवाच्या मुंजीत. मुंजीपर्यंत वजनदार साडी सांभाळणं होत नाही, आणि मग ती सुनेसाठी ठेवली जाते. यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. योग्य प्रसंगाची वाट पाहताना प्रसंगाचं माप दर वेळी वाढत गेलं, एवढंच घडलं.

बरं, एवढं करून वस्तू तरी वाचते का? रेशीम हा प्रथिनाचा धागा आहे. उजेड, दमट हवा आणि काळ त्याला कपाटातही गाठतात. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलेलं रेशीम त्या घडीच्या रेषेवरच चिरतं, आणि जरीचं काम असेल तर धातूचा ताठ धागा ते काम लवकर करतो. चांदीच्या जरीला हवेतलं गंधक काळवंडवतं. म्हणून तर जाणत्या बायका ठेवणीतली साडी अधूनमधून बाहेर काढतात, सावलीत वारा देतात आणि घडी बदलून ठेवतात. संग्रहालयं जुनी वस्त्रं शक्यतो घडी न घालता रुळावर गुंडाळतात, मंद उजेडात मोजके महिने मांडतात आणि पुन्हा अंधारात ठेवतात. इतकी काळजी घेऊनही झीज फक्त मंदावते, थांबत नाही. भर्तृहरीने नीतिशतकात संपत्तीच्या तीन गती सांगितल्या, दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि भोगत नाही, त्याच्या धनाला तिसरी गती उरते. वामनपंडितांनी सतराव्या शतकात ते शतक मराठीत आणल्यापासून हा विचार आपल्या ओळखीचा आहे, पण आपण तो पैशापुरता ठेवला. कपाटातल्या रेशमाला तो अक्षरशः लागू पडतो. नेसून विरलेली साडी आणि घडीवर विरलेली साडी, दोन्ही शेवटी विरतातच. पहिलीने मधल्या काळात कुणाला तरी आनंद दिलेला असतो.

याला पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो पुढच्या पिढ्यांच्या वतीने घेतला जातो. प्रत्येक पिढीने मन मानेल तसं वापरून टाकलं असतं, तर आपल्या हाती काय आलं असतं? कुणी तरी स्वतःला आवर घातला म्हणूनच वारसा उरतो. या आक्षेपाला उत्तर देण्याआधी दोन व्हायोलिनांची हकिगत पाहण्यासारखी आहे. आंतोनियो स्त्रादिवारीने १७१६मध्ये केलेलं एक व्हायोलिन लुईजी तारीझियो नावाच्या इटालियन संग्राहकाकडे होतं. पॅरिसच्या व्यापाऱ्यांपुढे तो त्याचं वर्णन करी, पण प्रत्यक्ष वाद्य कधी आणत नसे. येणार येणार म्हणतात आणि येत मात्र नाही, म्हणून त्याला 'मसीहा' हे नाव पडलं. १८५४मध्ये तारीझियो मिलानमध्ये वाद्यांच्या ढिगात एकटाच मेलेला सापडला. ते व्हायोलिन पुढे इंग्लंडमधल्या हिल घराण्यामार्फत ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात गेलं, आणि तिथे ते काचेआड आहे. त्याचा रोगण, त्याच्या कडा जवळजवळ नव्यासारख्या आहेत. दुसरं व्हायोलिन ज्युसेप्पे ग्वारनेरीने १७४३मध्ये केलेलं. ते विख्यात व्हायोलिनवादक पागानीनीने आयुष्यभर वाजवलं, त्याच्या दणदणीत आवाजामुळे त्याला तोफ म्हटलं, आणि मरताना आपल्या जेनोआ शहराला देऊन टाकलं. शहराने ते डोळ्यांत तेल घालून सांभाळलं आहे, पण मुकं होऊ दिलेलं नाही. पागानीनीच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेतल्या विजेत्याच्या हाती ते देण्याची तिथे परंपरा आहे.

मसीहा जपणाऱ्यांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. स्त्रादिवारीच्या हातून वाद्य बाहेर पडलं तेव्हा ते कसं दिसत असेल, हे वाद्य घडवणाऱ्यांना कुठे तरी पाहायला मिळालं पाहिजे. त्या एका वाद्याने अनेक कारागिरांना शिकवलं आहे. असे अस्सल नमुने संग्रहालयांनी राखावेत, त्यांचा तो धर्मच आहे. पण घर हे संग्रहालय नव्हे. संग्रहालयातली वस्तू अनोळखी हजारो डोळ्यांसाठी ठेवलेली असते. कपाटातली पैठणी कुणासाठीच ठेवलेली नसते, तिची स्वतःची मालकीणसुद्धा तिच्याकडे क्वचित पाहते. शिवाय वारसा म्हणजे नेमकं काय पुढे जातं, हेही पाहिलं पाहिजे. शांता शेळके यांची 'पैठणी' ही कविता मराठी घरांत इतकी का रुजली? तिच्यातली पैठणी कोरी नाही. ती आजीच्या लग्नातली आहे, आजी ती नेसून वावरली आहे, आणि नात त्या वस्त्राला हात लावते तेव्हा तिला आजीच भेटते. न वापरलेली साडी नातीपर्यंत पोहोचली, तर तिच्यासोबत रेशीम येतं, जर येते, किंमत येते. आजी येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो, कारण तो परिस्थितीतून येतो. ज्याच्याकडे एकच चांगली गोष्ट आहे आणि दुसरी घेण्याची ऐपत नाही, त्याने ती बिनधास्त वापरावी हे सांगणं भरल्या पोटाचं शहाणपण नव्हे का? एकेक पैठणी मागावर महिनोन्‌महिने उभी राहते. विणकराच्या बोटांनी पदरावरचा मोर धाग्याधाग्याने भरलेला असतो. तिच्यावर डाळ सांडू देणं हा त्या श्रमांचा अपमानही ठरेल. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत, आणि म्हणूनच काळजी आणि धास्ती यांच्यातला फरक इथे स्पष्ट करायला हवा. काळजी वापराच्या बाजूने असते. ती पदर खोचते, पंगतीत मांडीवर रुमाल घेते, घरी आल्यावर साडी लगेच घडी न घालता वाऱ्यावर टाकते, उसवलेला काठ वेळेत शिवते. धास्ती वापराच्या विरुद्ध असते. तिला एकच उपाय माहीत, तो म्हणजे न नेसणं. गरिबीतून आलेली काटकसर बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असते. ज्या घरात एकच जरीचं लुगडं असे, ते प्रत्येक कार्याला बाहेर निघे, जावा-नणंदांच्या अंगावरही चढे, आणि धुऊन, सुकवून, सांधून पुन्हा घडीत जाई. एका वस्त्रात अनेक जणींचे सण साजरे होत. कपाटं भरल्यानंतरच एकेक वस्तू अस्पर्श ठेवण्याची सोय झाली. आणि विणकराच्या मानाचं म्हणाल, तर त्याने दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी वीण काढली ती चालत्या-बोलत्या शरीरावर झुळझुळावी म्हणून. पदराचे झोके खाण्यासाठी काढलेला मोर कायमचा घडीत मिटून टाकणं हा त्या कलेचा सन्मान म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप धार्मिक आहे आणि तो सगळ्यांच्या मुळाशी जातो. हे सगळं शेवटी भोगाचंच समर्थन झालं. त्यागाची भाषा लावून उपभोगाला सोवळं नेसवलं, असं कुणी म्हणेल. ईशावास्योपनिषदाचा पहिला मंत्र या वादाचं जुनं घर आहे. हे सगळं जग ईश्वराने व्यापलेलं आहे, म्हणून त्यागाने भोग घे आणि कुणाच्याही धनाची हाव धरू नको, असा त्याचा आशय. शंकराचार्यांनी हा मंत्र सर्वस्व सोडलेल्या ज्ञाननिष्ठाला लावला आणि कर्म करत शंभर वर्षं जगण्याची इच्छा सांगणारा दुसरा मंत्र संसारात असलेल्याला. त्या वाचनात पैठणीला जागाच नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल. पण तेवढं एकच वाचन आपल्याला मिळालेलं नाही. १९३७च्या त्रावणकोर दौऱ्यात गांधीजी गावोगाव याच मंत्रावर बोलले. हिंदू धर्माचं सार त्यांनी त्यात पाहिलं आणि ते घरसंसारात राहणाऱ्या माणसांपुढे मांडलं. वस्तू माझी नव्हे, ती माझ्याकडे सोपवलेली आहे, ही जाणीव ठेवून ती वापरायची, हा त्यांच्या विश्वस्तवृत्तीचा गाभा. मला हे वाचन गृहस्थाच्या दृष्टीने जास्त खरं वाटतं. माझं म्हणून जे आहे ते बिघडण्याची भीती वाटते; सोपवलेलं आहे ते नीट वापरून पुढे द्यायचं असतं. आणि उपभोगवादाचं म्हणाल तर बाजार आपल्या न वापरण्यावरच पोसलेला आहे. कपाटात एक असूनही दुसरी घेतली जाते, कारण पहिली 'ठेवणीतली' झालेली असते. जे आहे ते पुरतं वापरणाऱ्या माणसाला फार कमी लागतं.

स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने यावर वेगळा उपाय सांगितला होता. आवडता घडा हातात घेताना हा घडा आहे, फुटणारी वस्तू आहे, हे मनाशी म्हणत राहावं, म्हणजे फुटल्यावर मन अस्वस्थ होणार नाही. उपाय खोटा नाही, पण अर्धाच आहे. तो फुटण्याची तयारी करून घेतो, पाणी पिण्याचा आनंद कसा घ्यावा हे सांगत नाही. आपल्याकडच्या पार्थिव गणपतीच्या पूजेत हा उरलेला अर्धा भाग आहे. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळणार हे आणताना घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. तरी तिची प्राणप्रतिष्ठा होते, तिला दूर्वा, जास्वंद आणि मोदक मिळतात, आरतीला घर भरतं, आणि ठरल्या दिवशी उत्तरपूजा करून ती पाण्यात सोडतात. विसर्जन ठरलेलं आहे म्हणून कुणी पूजा आखडती घेत नाही. उलट दिवस मोजके आहेत म्हणूनच ती मनापासून होते. मूर्ती दर वर्षी नवी मिळते, आजीची पैठणी मिळत नाही, हा फरक मला कबूल आहे. पण नाशवंत गोष्टीवर भीतीवाचून प्रेम करण्याचा सराव या समाजाला आहे, एवढं त्यावरून निश्चित दिसतं.

अवंतीच्या ब्राह्मणाकडे परत जायचं ते एका गोष्टीसाठी. त्याच्या दोषांच्या यादीत देहाचं सुख शेवटी येतं. आधी येतात ती माणसं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वस्तूच्या धास्तीची किंमत सर्वांत आधी माणसं मोजतात. लहान मूल शोकेसकडे वळलं की आवाज चढतो. धुणी-भांडी करणाऱ्या बाईच्या हातून काचेचा पेला फुटला की तिचा हात कापला का हे विचारण्याआधी पेल्याची किंमत तोंडातून निघते. पाहुण्याच्या हातातून चहा सांडला तर तो चहाकडे न पाहता आपल्या चेहऱ्याकडे पाहतो. वस्तू वाचवताना समोरच्याला आपण कळवतो की तिच्यापुढे तू दुय्यम आहेस, आणि ते त्याला बरोबर कळतं. मराठी घरांत यावर एक सुंदर रीत होती, अजूनही काही घरांत आहे. नवी कोरी साडी आली की तिची घडी मोडायला ती नणंदेला, जावेला, एखाद्या मैत्रिणीला देतात. सर्वांत हवाहवासा असा पहिला वापर दुसऱ्याच्या अंगावर होतो. डाग पडायचा तर तो तिच्या हातून, सगळ्यांसमोर, हसतखेळत पडून जातो, आणि त्यानंतर ती साडी मालकिणीलाही निर्धास्तपणे नेसता येते. या रीतीमागे कुणी तत्त्वज्ञान मांडलं नव्हतं. पण दान आणि भोग या भर्तृहरीच्या दोन्ही गती तिने एका साडीत, एका दिवसात आणून ठेवल्या होत्या.

त्या साडीचा पुढचा प्रवासही तसाच मोकळा असे. काठ आणि पदर टिकलेले, मधलं अंग विरलेलं, अशा पैठणीचं परकर-पोलकं होई. परकर आखूड पडला की उरलेल्या तुकड्याची तान्ह्यासाठी कुंची शिवली जाई, चांगलासा एखादा तुकडा देव्हाऱ्यात चौरंगावर अंथरला जाई. जर उरली तर ती वितळवून चांदी काढणाऱ्याकडे जाई. घरातल्या किती जणींच्या अंगावर ते रेशीम गेलं, याचा हिशेब कुणी ठेवत नसे, आणि ती खराब झाली असं त्या घरात कुणी म्हणतही नसे.